मागच्या दाराची नोंद

व्हिसा ऑफिसचं पत्र फॉर्मवाल्यानं दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, तेव्हा बाई म्हणाली, "पाठ करतोयस का? काय म्हणतायत ते सांग."

फॉर्मवाला बिचारा सरळ माणूस. बसस्टॉपच्या मागे एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर आणि तीन पायांवर उभं राहणारं चार पायांचं स्टूल, एवढ्यावर त्याचं दुकान चालायचं. निम्म्या वस्तीची पोरं त्यानं बटणं दाबून दाबून परदेशी पोचवली होती. पण बाई समोर बसली की त्याच्या बोटांना घाम फुटायचा. बाईची जीभच तशी. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर चूक माशीची. पाठीमागे लोक तिला कडकबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत आयुष्यभर चादरींना खळ घातली, मग माणूस तेवढा मऊ कसा राहील.

फॉर्मवाल्यानं घसा साफ करून सांगितलं ते असं. फॉर्मात एक प्रश्न असतो, तुम्हाला कधी पोलिसांनी अटक केली आहे का. सगळे 'नाही' म्हणतात. बाईच्या लेकीनं तिकडे बसून आईचा फॉर्म भरताना 'हो' म्हटलं होतं आणि खाली चार ओळी लिहिल्या होत्या. आता व्हिसा ऑफिसला त्या अटकेचा कागद हवा होता. ठाण्याचा शिक्का असलेला, तीस दिवसांच्या आत.

"ताईंनी हे लिहिलंच कशाला?" फॉर्मवाला कुरकुरला. चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण बघायला येणार होतं? हात दाखवून अवलक्षण. आपल्याकडे फॉर्म भरला असता तर आपण 'नाही' करून मोकळे झालो असतो, असं त्याचं म्हणणं.

"माझी लेक खोटं लिहीत नाही," बाई म्हणाली. मोठ्या ताठ्यात म्हणाली. तिनं विचारलं, त्या चार ओळी काय आहेत.

फॉर्मवाल्यानं पत्रात जशाच्या तशा उतरवलेल्या इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत सांगायला सुरुवात केली. माझ्या आईला हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बायकांच्या संपात अटक झाली होती. ऑपरेशनच्या चादरींत सुया आणि ब्लेडं राहायची, ती बायकांच्या हातांत घुसायची, म्हणून त्यांनी हातमोजे मागितले होते. आई त्या बायकांच्या पुढे उभी होती. या अटकेची आम्हाला लाज नाही, अभिमान आहे.

"छान लिहिलंय हो," फॉर्मवाला म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

"तुला बरंच माहीत नाही," बाई म्हणाली आणि पत्राची झेरॉक्स घडी घालून पिशवीत टाकली.

लेकीच्या पाठीचं ऑपरेशन सात आठवड्यांवर होतं. लेक तिकडे नर्स. चौदा वर्षं पेशंट उचलून उचलून तिच्या पाठीचे दोन मणके कामातून गेले होते. ऑपरेशननंतर दीड महिना आडवं पडायचं, कूस बदलायची तर दुसऱ्यानं. जावई लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, पाच-पाच दिवस घराबाहेर. मूलबाळ नाही. तेव्हा लेकीनं फोनवर म्हटलं होतं, "आई, तू ये."

एवढंच म्हटलं होतं. पण नवरा गेल्यावर बाईनं त्या पोरीला वाढवलं ते एकाच शिकवणीवर, कुणापुढे हात पसरायचा नाही. आणि पोरीनंही कधी काही मागितलं नव्हतं. ना नवीन दप्तर, ना शिकायला गेल्यावर रडत फोन. एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा तिनं आईकडे काही मागितलं, तेही दोन शब्दांत. त्या दोन शब्दांवर बाईनं अडुसष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला, फोटो काढताना हसू नका म्हणणाऱ्या फोटोवाल्याला तिनं विचारलं, मी कधी हसते.

आता घरी येताना ती नेहमीसारखी ताठ चालत होती. भाजीवाल्यानं रामराम केला, त्याला मान हलवली. कुलूप काढलं, दार लावून घेतलं आणि खाटेवर बसली.

संपात अटक झाली होती, हे खरं होतं. फक्त बाई संपात नव्हती.

त्याचं असं झालं होतं. संपाच्या आधी घडीच्या टेबलाशी आठ वर्षं बाईच्या समोर एक बाई उभी असायची. हाडापेरानं उंच, म्हणून सगळ्या तिला लांबी म्हणायच्या. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. दोघी दोन टोकं धरतात, ताणतात, झटकतात, मग एक चालत दुसरीकडे येते आणि टोकं जुळवते. लांबी नेहमी चालत यायची आणि बाई जागेवर उभी राहायची, असा त्यांचा न ठरवता ठरलेला रिवाज होता. आठ वर्षं, दिवसाला दोन-अडीचशे चादरी. नवऱ्याबायकोचे हात इतक्या वेळा एकमेकांना लागत नाहीत.

मग एका पोरीच्या तळहातात सुई मोडून राहिली आणि हात काळा पडला. बायका उठल्या. हातमोजे द्या, नाहीतर चादरी तुम्हीच धुवा. पुढच्या फाटकाशी सतरंज्या टाकून बसल्या. लांबी सगळ्यांत पुढे. बाईही पहिले दोन दिवस बसली, मागच्या सतरंजीवर. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरचा निरोप आला की जी मागच्या दारानं कामावर येईल, तिला टेबलाची मुख्य करू. टेबलाची मुख्य म्हणजे खुर्ची, हातात पेन्सिल, आणि बाकीच्यांवर बोलायचा हक्क. घरात उपाशी कुणी नव्हतं. पोरगी आजारीही नव्हती. नंतर स्वतःला सांगायला बाईनं अशी पुष्कळ कारणं हुडकली, पण एकही टिकलं नाही. तिला मुख्य व्हायचं होतं. आणि संप हरणार, या बायका शेवटी नाक घासत येणार, अशी तिची पक्की खात्री होती. हरणाऱ्यांत बसायचं तिच्या रक्तातच नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी ती मळक्या चादरींच्या गाड्या आत घेतात त्या मागच्या दाराशी गेली. तिथं लांबी उभी होती, दोन्ही हात पसरून, चादर धरल्यासारखी. म्हणाली, "तू?"

बाकी काही म्हणाली असती, शिवी दिली असती, तरी बाईनं दोन दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण त्या एका 'तू'नं तिचं डोकं फिरलं. दाराशी हौदातल्या चादरी ढवळायचं दांडकं टेकवून ठेवलं होतं. ते उचलून तिनं लांबीच्या पसरलेल्या हातावर मारलं.

पोलिसांची गाडी आलेलीच होती, फाटकाशी बसलेल्या बायका उचलायला. तेरा संपवाल्या आणि चौदावी बाई, एकाच गाडीत. बाकावर जागा होती, पण कुणी सरकलं नाही. बाई खाली पत्र्यावर बसून ठाण्यापर्यंत गेली. संध्याकाळी हवालदार म्हणाला, जा, सुटलीस. दुसऱ्या दिवशी तिनं सुपरवायझरचे आभार मानले, साहेब, तुम्ही शब्द टाकलात. साहेब म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे.

आणि बायका संप जिंकल्या. अकराव्या दिवशी हातमोजे आले, कोपरापर्यंतचे, जाड रबराचे. बाई मुख्य झाली, तिलाही एक जोड मिळाला. बावीस वर्षं तिनं ते घातले. फाटले की नवे, नवे फाटले की आणखी नवे. त्या बावीस वर्षांत कामापलीकडचा एक शब्द तिच्याशी कुणी बोललं नाही. भांडण नाही, टोमणा नाही, काही नाही. ती आली की गप्पा थांबायच्या, गेली की सुरू. डबा ती कपाटांच्या खोलीत, धुतलेल्या उशांच्या ढिगाशी बसून खायची. लांबी तर दोन वर्षांत नोकरी सोडूनच गेली. हात पुरता वळत नाही, असं कुणीतरी कुणालातरी सांगताना बाईनं ऐकलं होतं.

सात वर्षांच्या लेकीनं त्या संध्याकाळी उंबऱ्यात उभं राहून विचारलं होतं, "आई, तुला संपात पकडलं?" शेजारच्या पोरीनं बाईला गाडीत चढताना पाहिलं होतं. बाई म्हणाली, हो. पोरीनं विचारलं, हातमोज्यांसाठी? बाई म्हणाली, जेव आता.

झालं. एवढंच बोलली होती ती. त्यापुढे एक अक्षर खोटं बोलली नव्हती, पण खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं असं थोडंच आहे. आई स्वतःची बढाई मारत नाही, असं पोरीनं धरलं. शाळेत आईवर निबंध लिहिला, शिक्षिकेनं तो वर्गात वाचून दाखवला. पुढं नर्स झाली, तिकडे जाऊन नर्सांच्या संघटनेची चिटणीस झाली. सभेत भाषणाला उभी राहिली की आधी आईची गोष्ट सांगायची. जावयानं एकदा त्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला होता. भाषा बाईला कळली नाही. पण लेकीनं बोलता बोलता कोपरापर्यंत हातमोजा चढवल्यासारखं केलं, ते कळलं. बाईनं फोन पालथा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात गेली. पुढच्या टेबलावरून तिला मागच्या खोलीत पाठवलं. तिथं जुनी रजिस्टरं छतापर्यंत रचलेली आणि त्यांच्या मधोमध रेकॉर्डचा कारकून, निवृत्तीला टेकलेला, नाकाला रुमाल बांधून. बाईनं पत्राची झेरॉक्स पुढे केली, वर्ष सांगितलं, महिना सांगितला. त्यानं विचारलं, गुन्हा काय. ती म्हणाली, ते तुम्ही बघा, त्यासाठीच सरकारनं तुम्हाला बसवलंय.

दोन तास गेले. बाई लोखंडी पेटीवर बसून होती. शेवटी त्यानं एक रजिस्टर आणलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पानं फुंकून फुंकून उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. बाईला छापील अक्षर लागायचं, हातचं लागत नसे. तेव्हा तिची नोंद तिला परक्या माणसाच्या तोंडून ऐकावी लागली.

तो वाचत गेला. मागच्या दाराशी, लाकडी दांडक्यानं, डाव्या हातावर, किरकोळ दुखापत. मग थांबला, रुमालावरून तिच्याकडे बघितलं. "आजी, पत्रात तर संपातली अटक म्हटलंय. इथं तर तुम्ही संपवालीलाच मारलंय."

बाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

कारकून वाईट नव्हता. असल्या पानांनी त्याचा जन्म गेला होता. पेन कानावर अडकवून तो हळू आवाजात म्हणाला, लेकीनं काय लिहिलंय ते पत्रावरून कळलं. हे पान अर्धं वाळवीनं खाल्लेलंच आहे. 'नोंद उपलब्ध नाही' असं पत्र मी देतो, त्यालाही ठाण्याचा शिक्का असतो. व्हिसा ऑफिसला तेवढं चालतं, रोज देतो आम्ही. लेकीचं लिहिलेलं तसंच राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाईला वाटलं, वाळवीलाही आपली दया आली. तिनं 'द्या' म्हणायला तोंड उघडलं. पण स्वभाव. अर्ध्यावरचं काम तिला कधी बघवत नसे. तिनं विचारलं, पानावर खाली अजून काय आहे.

"काही नाही. तक्रारदार बाईनं तक्रार मागे घेतली. तिचा जबाब आहे दोन ओळींचा."

"वाचा."

कारकुनानं पान उजेडाकडे धरलं. "'हिच्या घरी लहान मुलगी एकटी आहे. ती वाट बघत असेल. मला तक्रार चालवायची नाही, हिला घरी सोडा.' खाली डाव्या हाताचा अंगठा."

बाई म्हणाली, परत वाचा. त्यानं वाचलं. ती म्हणाली, डाव्या हाताचा? तो म्हणाला, हो, अंगठा डाव्याच हाताचा घेतात. मग तिनं रजिस्टर स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि त्या अंगठ्याकडे बघत राहिली. ठसा फरकटलेला होता. सुजलेल्या हाताचा अंगठा नीट टेकत नाही, हवालदारानं धरून दाबला असणार. त्या संध्याकाळी लांबीला स्वतःला सोडलं नव्हतं, तेरा जणी दुसऱ्या दिवशी सुटल्या. आणि पुढं दोन वर्षं ती त्याच लाँड्रीत बाईच्या हाताखाली राबली. एकदा तरी म्हणायचं होतंस गं, बाईच्या मनात आलं. एकदा तोंडावर फेकायचं होतंस. मी साहेबाचे पाय धरत बसले.

"मग काय देऊ?" कारकून म्हणाला. "नोंद उपलब्ध नाही?"

"नक्कल द्या. पूर्ण पानाची. तिच्या जबाबासकट."

"आजी, विचार करा. लेकीच्या हाती जाईल सगळं."

"तुम्हाला लिहिता येतं ना?" बाई म्हणाली. "मग लिहा."

नक्कल पिशवीत घेऊन ती थेट दुकानात गेली नाही. व्हिसा ऑफिसला कळण्याआधी लेकीला कळायला हवं, एवढं तिला कळत होतं. दोन दिवस तिनं फोन हातात घेऊन ठेवून दिला. मधल्या वेळात उगाच लाँड्रीच्या गाडीच्या जुन्या ड्रायव्हरकडे जाऊन आली, तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. लांबी कुठे असते, असं तिनं वाऱ्यावर सोडल्यासारखं विचारलं. ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तू विचारतेस?" मग म्हणाला, ती गेली ना. सहा वर्षं झाली. मुलाकडे होती, तिकडेच गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळ, बाईनं फोन लावला. लेक पलंगावर आडवी होती, उशीला फोन टेकवून. आई दिसली तशी म्हणाली, कागद मिळाला का? मी ऑपरेशनच्या सर्जनलाही सांगितलं तुझ्याबद्दल.

बाई म्हणाली, मध्ये बोलू नकोस. आणि सांगितलं. निरोपापासून दांडक्यापर्यंत, गाडीतल्या पत्र्यापासून हातमोज्यांपर्यंत. कारणं सांगितली नाहीत. शेवटी लांबीचा जबाब सांगितला, तो तिला पाठ झाला होता.

लेकीनं उशीला टेकवलेला फोन हातात घेतला. मग तिनं एकच विचारलं. "मी निबंध वाचून दाखवला तुला. तू भांडी घासत होतीस. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू खुश होतीस."

"आणि नंतर?"

नंतर तिला स्वतःलाच त्या गोष्टीतली आई आवडायला लागली होती, हे कोणत्या तोंडानं सांगणार.

"मी शंभर बायकांपुढे उभी राहून सांगितलंय, आई. त्या बायका रडल्यात." लेकीचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. ती म्हणाली, कागद फॉर्मवाल्याकडे दे. खाली दुरुस्ती लिहायची, चूक माझी होती म्हणून. आणि फोन ठेवला.

दुरुस्ती मात्र बाईनं लेकीच्या नावावर जाऊ दिली नाही. तिनं फॉर्मवाल्याला स्वतः सांगितलं आणि त्यानं टाइप केलं. माझ्या मुलीनं लिहिलं ते तिला तसंच वाटत होतं, कारण मी तिला तसं वाटू दिलं. मी संपात नव्हते. मी संप मोडायला गेले आणि एका बाईला मारलं. तिनं मला सोडवलं. सोबत कागद आहे. टाइप करताना फॉर्मवाला नेहमीसारखा चुकला नाही, की काही विचारलंही नाही. फक्त एकदा म्हणाला, अटकेसाठी नाही नाकारत हो ते शक्यतो, खोट्यासाठी नाकारतात. आता जे होईल ते होईल. ती उठली तेव्हा तोही उभा राहिला.

मग वाट बघणं आलं. आधी लेकीचा दर रविवारी फोन यायचा, काय खाल्लंस पासून शेजारणीच्या मांजरीपर्यंत. आता रविवार यायचा आणि जायचा. बाई फोन चार्ज करून टेबलावर ठेवायची, आवाज चालू आहे ना बघायची, शेजारणीला म्हणायची जरा मला लावून बघ गं, लागतोय का. शेजारीण लावायची, लागायचा. जावयाचा एकेक ओळीचा मेसेज यायचा, ती बरी आहे. ती झोपली आहे. बाईला छापील अक्षर लागायचं, पण त्या ओळींत वाचण्यासारखं काही नसायचं.

दोन खोल्या तशा पूर्वीही रिकाम्याच होत्या. पण पूर्वी त्या खोल्यांत एक बाई राहायची, जिची लेक तिकडे तिचं नाव घेत होती. आता नुसतीच बाई राहत होती. एकदा तिनं सगळ्या चादरी काढून घड्या घातल्या. मोठी चादर एकटीला नीट जमेना, टोकं जुळेनात, मध्ये पोट पडायचं. तशीच कपाटात कोंबली.

ऑपरेशनला अकरा दिवस राहिले तेव्हा पासपोर्ट आला. फॉर्मवाला स्वतः घेऊन घरी आला, पान उघडून दाखवलं. तीन महिन्यांचा व्हिसा. तो म्हणाला, आजच तिकीट काढून टाकू, दर चढतायत. बाई म्हणाली, थांब.

"आता कशाला थांबायचं? मिळाला ना."

"यांनी ये म्हटलंय," बाईनं पासपोर्टवर बोट आपटलं. "जिच्या घरी जायचं तिनं म्हणू दे."

त्याच दुपारी जावयाचा मेसेज आला, नेहमीपेक्षा लांब. दिवसभरासाठी एक अटेंडंट बाई ठरवली आहे, अनुभवी आहे, तुम्ही काळजी करू नका. बाईनं तो तीनदा वाचला. त्यात तुम्ही येऊ नका असं नव्हतं. तुम्ही या असंही नव्हतं.

रात्र होईपर्यंत ती थांबली नाही. तिकडे किती वाजलेत हेही तिनं पहिल्यांदाच मोजलं नाही. फोन लेकीनं उचलला, चेहरा दाखवला नाही. बाईनं आयुष्यात पुष्कळांना पुष्कळ ऐकवलं होतं, पण परवानगी कुणाची मागितली नव्हती.

"मी येऊ का?"

पलीकडे काही हललं, पलंग करकरला. लेक म्हणाली, "माझा राग गेलेला नाही."

"असू दे. मी तुला उठवीन, बसवीन, न्हाऊ घालीन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. माझ्याशी न बोलणाऱ्या बायकांत मी बावीस वर्षं काढलीत. मला सवय आहे."

एवढ्या दुरून श्वास ऐकू येतो हे बाईला माहीत नव्हतं. तो आला, गेला, परत आला.

"मला नाहीये सवय," लेक म्हणाली. मग नाक ओढून, जरा परक्या माणसाच्या आवाजात तिनं विचारलं, तिकीट कुठल्या तारखेचं आहे.

"काढलं नाही. तू म्हटल्याशिवाय कसं काढू?"

"काढ," लेक म्हणाली. "आणि आई, संघटनेतल्या बायका येतील बघायला. त्यांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

बाईनं विचारलं, त्यांची भाषा मला कुठे येते. लेक म्हणाली, तू सांग, मी शब्दाला शब्द सांगत जाईन. बाई बरं म्हणाली आणि फोन तसाच कानाला धरून फॉर्मवाल्याचं दुकान उघडं असेपर्यंत पोचायचं म्हणून चपला शोधू लागली.